पाण्याची वाटी बाजूला ठेवली तेव्हा

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही घराच्या मागच्या पडवीत बसून नऊ अंडी फोडली. आत पूर्ण वाढलेली नऊ पिल्ले होती. चोच, पंजे, पिसे सगळे तयार, आणि अंगाभोवती चिकट पाणी. एकाच्या चोचीचे टोक तर कवचाला टेकलेले होते. आमची आठवीतली मुलगी शेजारी उभी होती. तिने विचारले, "ही बाहेर का आली नाहीत?" आम्ही भाषेचे शिक्षक. उर्दू आणि मराठी शिकवता शिकवता वीस वर्षे गेली. पण या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

झाले होते असे. ईदची गडबड संपल्यावर आम्ही चोवीस अंड्यांचे एक छोटे इन्क्युबेटर मागवले. थर्माकोलची पेटी, आत पंखा, बाहेर तापमानाचे आकडे. आमचे गाव दापोली तालुक्यात खाडीकाठी आहे. परसात जागा आहे, अम्मींना कोंबड्यांची हौस आहे, आणि मुलीच्या शाळेत प्रकल्पही द्यायचा होता. मशिनासोबत एक कागद आला होता. त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते की पाण्याची वाटी कधीही रिकामी होऊ देऊ नये. आम्ही ती सूचना फर्ज असल्यासारखी पाळली. रोज सकाळी फजरनंतर वाटी भरायची, रात्री झोपण्यापूर्वी पुन्हा पाहायची. मुलीने तर वहीत तक्ताच केला होता.

चोवीसपैकी वीस अंडी फलित निघाली. त्यातली चार मध्येच खराब झाली, सात पिल्ले बाहेर आली आणि नऊ आतच गेली. जी सात आली त्यातली दोन पोट सुजलेली होती, त्यांची बेंबी मिटलेली नव्हती. ती दोन दिवसांत दगावली.

खालांची वीस अंडी

आमच्या शेजारी एक खाला राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली. चार-पाच देशी कोंबड्या, अंडी आणि पिल्लांची विक्री, यावर त्यांचा किरकोळ खर्च निघतो. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेल्या या कोंबड्या त्यांच्या सासूबाईंच्या काळापासून त्या घरात आहेत. आम्ही नऊ अंडी पुरली त्यानंतर दोन आठवड्यांनी एका पावसाळी रात्री खुराड्यात मुंगूस शिरले. सकाळी पाहिले तर कोंबडा आणि तीन कोंबड्या मेलेल्या. त्यातली एक खुडूक होऊ लागली होती, तिलाच रवणीला बसवायचे होते. उरल्या दोन, त्याही खुडूक नसलेल्या.

तीन दिवसांनी खाला टोपली घेऊन आमच्या दारात आल्या. टोपलीत तुसावर ठेवलेली वीस अंडी होती. चौदा आधीच्या चार दिवसांतली, सहा उरलेल्या दोन कोंबड्यांची नंतरची. कोंबडा गेल्यावरही कोंबडी आठ-दहा दिवस फलित अंडी देऊ शकते, कारण नराचे बीज तिच्या शरीरात साठून राहते. म्हणजे आशा होती. पण एवढीच. ही अंडी गेली की ती जात संपली.

आम्ही त्यांना सरळ सांगितले, "खाला, आमच्या हातून नऊ पिल्ले बुडून मेली. तुमची अंडी घ्यायला भीती वाटते."

खालांनी टोपली ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, "बुडून मेली ना? मग पाणी काढून टाका की. माझी कोंबडी कधी पाण्याची वाटी घेऊन बसली का?"

त्या बोलून गेल्या आणि आम्ही गप्प झालो. खरेच, रवणीची कोंबडी कोरड्या पेंढ्यावर नाहीतर तुसावर बसते. पोटाखालची पिसे गळून तिथली कातडी उघडी होते, ती कातडी अंड्यांना टेकवते आणि ऊब देते. दिवसातून एखाद्या वेळी दाणा-पाण्यासाठी उठते, तेवढा वेळ अंड्यांना वारा लागतो. पाणी ती कुठूनच आणत नाही.

अंड्याने वजन गमवायचे असते

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना आम्ही ही हकीकत सांगितली. त्यांनी जे समजावले ते इथे लिहितो, कारण सगळे त्यावरच अवलंबून आहे.

अंड्याचे कवच भरीव नसते. त्याला हजारो बारीक छिद्रे असतात. त्यातून आत प्राणवायू जातो आणि आतले पाणी वाफ होऊन हळूहळू बाहेर पडते. पाणी कमी होते तशी रुंद टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण ११ ते १४ टक्के घटायला हवे. ही घट म्हणजे नुकसान नव्हे, ती गरज आहे. कारण पिल्लू कवच फोडण्याआधी आतली पातळ कातडी फोडून याच पोकळीत चोच घालते आणि आयुष्यातला पहिला श्वास घेते.

आता हवा फार ओलसर असेल तर पाणी बाहेर जात नाही. पोकळी लहान राहते, पिल्लू फुगते, वळायला जागा उरत नाही आणि पहिल्या श्वासालाच नाकात पाणी जाते. आमच्या नऊ पिल्लांचे हेच झाले होते. उलट हवा फार कोरडी असेल तर अंडे जास्त सुकते, पिल्लू लहान होते आणि आतली कातडी त्याच्या अंगाला चिकटून बसते. मरण दोन्हीकडे आहे.

मग आम्ही विचारले, "पण मशिनातला आकडा तर साठच दाखवत होता?" सरांनी आमचा स्वस्तातला आर्द्रतामापक घरी नेला. एका वाटीत मीठ घेऊन त्यात थोडेसेच पाणी घातले, ओल्या वाळूसारखे होईल एवढे. वाटी आणि मापक एका प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवले. अशा मिठावरची हवा ७५ टक्के ओलसर असते, हा ठरलेला आकडा आहे. आमचा मापक ६६ दाखवत होता. म्हणजे तो नऊने कमी सांगत होता. आम्ही साठ समजत होतो तेव्हा आत एकोणसत्तरच्या आसपास होते. वर आम्ही रोज वाटी भरत होतो.

सरांनी आणखी एक हिशेब मांडला. हवा तापली की तिची पाणी धरण्याची ताकद वाढते, म्हणून तेवढ्याच पाण्याची हवा गरम झाल्यावर कोरडी ठरते. कोकणात पावसाळ्यात बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता ही रोजची गोष्ट. ही हवा मशिनात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता सुमारे ४७ टक्के होते. वाटीत एक थेंब न घालता! पहिल्या अठरा दिवसांसाठी साधारण पन्नास टक्के सांगतात. म्हणजे आमचा पाऊसच ते काम करत होता. पाणी आमचे जास्तीचे.

पहिले अठरा दिवस पाणी न घालता अंडी उबवण्याच्या या पद्धतीला कोरडी उबवण म्हणतात. शेवटचे तीन दिवस मात्र पाणी लागतेच, ते पुढे येईल.

तराजू आणि पेन्सिल

खालांची अंडी आम्ही रात्रभर रुंद टोक वर करून स्थिर ठेवली. धुतली नाहीत, कारण धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण जाते आणि छिद्रांतून घाण आत शिरते. मशीन रिकामेच एक दिवस चालवून तापमान ३७.५ अंशांवर स्थिर केले. पंखा नसलेल्या पेटीत अंड्यांच्या वरच्या बाजूला ३८.५ अंशांच्या आसपास ठेवावे लागते, आमच्या पेटीत पंखा होता.

मग स्वयंपाकघरातला डिजिटल तराजू काढला. मुलीने प्रत्येक अंड्याचे वजन करून ते पेन्सिलीने अंड्यावरच लिहिले. एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे फिरवलेले कळावे. वीस अंड्यांचे वजन ९०६ ग्रॅम भरले. बारा टक्के म्हणजे सुमारे १०८ ग्रॅम, अठरा दिवसांत विभागले तर रोज सहा ग्रॅम. हा आकडा आम्ही भिंतीवर लिहून ठेवला. बिस्मिल्लाह म्हणून अंडी ठेवली आणि पाण्याची वाटी धुऊन फळीवर पालथी घातली.

दिवसातून तीनदा अंडी फिरवायची. तीनच वेळा का, तर विषम संख्येमुळे रात्रीच्या लांब वेळात अंडे रोज त्याच बाजूवर राहत नाही. फिरवले नाही तर गर्भ कवचाला चिकटतो. हात साबणाने धुऊन मगच अंड्यांना लावायचे, फिरवून झाल्यावर पुन्हा धुवायचे.

सातव्या दिवशी अंधारात टॉर्चवर अंडी पाहिली. सतरा अंड्यांत लाल शिरांचे जाळे दिसले, मध्ये कोळ्यासारखा ठिपका. दोन अंडी नुसती स्वच्छ होती, म्हणजे फलित नव्हती. एकात रक्ताचे कडे होते, म्हणजे सुरू होऊन थांबलेले. काढण्याआधी वीसही अंड्यांचे वजन केले, ८६८ ग्रॅम. घट ३८, हवी होती ४२. आम्हाला पाऊस थोडा जास्तच ओल देत होता. पेटीच्या झाकणावरची हवेची भोके आम्ही आणखी उघडली.

चौदाव्या दिवशी आणखी एक अंडे काढावे लागले. राहिली सोळा. प्रत्येकाचे सुरुवातीचे वजन लिहिलेले असल्याने हिशेब बिघडला नाही. या सोळांचे पहिल्या दिवशीचे वजन ७२६ होते, अठराव्या दिवशी ६४३ भरले. म्हणजे साडेअकरा टक्क्यांच्या जवळपास घट. टॉर्चवर पोकळी पाहिली, ती अंड्याच्या जवळजवळ एक तृतीयांश झाली होती. मागच्या खेपेला ती नाण्याएवढी होती आणि आम्ही तिच्याकडे पाहिलेच नव्हते. पाहत होतो ते वाटीकडे.

मध्ये अकराव्या रात्री वीज गेली. तीन तास. आम्ही पेटीवर गोधडी टाकली, हवेची भोके तेवढी मोकळी ठेवली, आणि बाजूला गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. अम्मी जागत बसल्या. दोन-तीन तासांच्या थंडीने सहसा अंडी मरत नाहीत, कोंबडीही उठून जातेच. घाबरून तापमान एकदम वाढवणे जास्त धोक्याचे. अंड्याला गारवा सोसतो, जास्तीची उष्णता सोसत नाही.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी तीन गोष्टी करायच्या. अंडी फिरवणे बंद, वाटीत पाणी सुरू, आणि झाकण बंद. आता आर्द्रता ६५ ते ७० टक्के हवी, कारण पिल्लाने कवचाला भोक पाडले की बाहेरची कोरडी हवा आत जाते आणि कातडी सुकून त्याला आवळते. आम्ही वाटी भरली, शेजारी ओला स्पंज ठेवला. मापकावर ६० दिसले, म्हणजे खरे ६९. खाला म्हणाल्या, "रवणीची कोंबडी शेवटचे दिवस उठतच नाही. दाणा समोर ठेवला तरी नाही." तिच्या न उठण्याचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला. ती आपले झाकण बंद ठेवत असते.

विसाव्या दिवशी मगरीबनंतर पेटीतून चिवचिव ऐकू आली. अंडी तर सगळी अखंड होती. आवाज आतून येत होता. पिल्लाने पोकळीत श्वास घेतला होता. खालांनी पदर तोंडाला लावला, काही बोलल्या नाहीत.

एकविसाव्या दिवशी दुपारपर्यंत नऊ पिल्ले आली, रात्री आणखी तीन. एका अंड्याला भोक पडून अठरा तास झाले तरी पुढे हालचाल दिसेना. मुलगी रडकुंडीला आली, "आपण फोडू या ना." आम्हालाही हात लावावासा वाटत होता. पण त्या वेळात पिल्लू आतला बलक पोटात ओढून घेत असते आणि कातडीतल्या शिरांमधले रक्त आटत असते. घाईने फोडले तर रक्तस्राव होतो. खालांनी मुलीचा हात धरला आणि म्हणाल्या, "थांब. त्याचे काम त्याला करू दे." चोवीस तास होत आले तेव्हा ते फिरले, कवचाचे टोपण ढकलले आणि बाहेर पडले. एकूण तेरा झाली, अलहम्दुलिल्लाह. उरलेल्या तीनपैकी एक भोक पाडून मेले, दोन आतच गेली. सगळी वाचली असे सांगितले तर ते खोटे होईल.

पिल्ले सुकून फुलेपर्यंत आम्ही ती पेटीतच ठेवली. पोटातल्या बलकावर ती दोन-तीन दिवस दाण्याशिवाय राहू शकतात, म्हणून घाई नसते. नंतर बल्बखालच्या खोक्यात पहिला आठवडा ३३ ते ३५ अंश ऊब, मग दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. सहाव्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने राणीखेत म्हणजे मानमोडीची लस डोळ्यात थेंबाने दिली. खोके स्वयंपाकघरापासून लांब ठेवले.

आकडा नव्हे, अंडे पाहा

इतके वाचून कोणी म्हणेल, म्हणजे पाणी कधीच घालू नये. तसे नाही, आणि हेच सांगण्यासाठी हा लेख लिहिला. डिसेंबरात आम्ही पुन्हा अंडी ठेवली, पुन्हा कोरडीच. सातव्या दिवशी घट सहा टक्क्यांवर गेली होती, हवी होती पावणेपाच. बाहेरची हवा आता थंड आणि कोरडी होती. आम्ही बाटलीच्या एका झाकणात पाणी ठेवले, तेवढ्याने घट आटोक्यात आली. देशावर तर फरक आणखी मोठा असतो. हिवाळ्यात बाहेर २० अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर मशिनात ती पंधरा टक्क्यांच्याही खाली जाते. सोलापूर किंवा बीडच्या भगिनींनी आमच्या दापोलीचे पाहून वाटी पालथी घातली तर पिल्ले सुकून मरतील. मशिनासोबतचा कागद खोटा नव्हता. तो बहुधा आमच्यापेक्षा कोरड्या हवेच्या हिशेबाने लिहिलेला होता. चूक आमची, की आम्ही कागद वाचला आणि अंडे वाचले नाही.

मिसरमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवण्याची कला फार जुनी आहे. बगदादचे हकीम अब्दुल लतीफ अल-बगदादी (११६२ ते १२३१) यांनी मिसरच्या आपल्या वर्णनात या भट्ट्यांची माहिती सविस्तर लिहून ठेवली आहे. तिथले कारागीर थर्मामीटर वापरत नसत, अंडे डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखत. आपल्याला पापणीची कला येत नाही, पण दोनशे-तीनशे रुपयांचा तराजू आणि टॉर्च घरात असतो. सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी वजन करा, पोकळीभोवती पेन्सिलीने रेघ ओढा. घट कमी असेल तर पाणी काढा आणि भोके उघडा. जास्त असेल तर थोडे पाणी ठेवा. अंडी सात दिवसांपेक्षा शिळी घेऊ नका, फ्रिजमधली तर नकोच. मापक मिठावर तपासल्याशिवाय त्याचा शब्द मानू नका.

तेरा पिल्लांपैकी निम्मी खाला आम्हाला देत होत्या. गावात अर्धेलीची रीतच आहे. आम्ही दोन घेतली. दोन महिन्यांनी तुरे दिसू लागले तेव्हा त्यांच्या अकरांत सहा कोंबड्या निघाल्या. भावंडांचीच जोडी लागू नये म्हणून खालांनी एक कोंबडा दुसऱ्या गावात देऊन तिथला आणला. फेब्रुवारीत पहिले अंडे मिळाले, ते त्यांनी आमच्या मुलीच्या हातावर ठेवले.

आता त्यांची एक काळी ठिपक्यांची कोंबडी खुडूक होऊन तुसावर बसली आहे. या खेपेला मशीन माळ्यावरच आहे. खुराड्याला मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून नवी जाळी मारून दिली, मुंगसाचे बोटही जाणार नाही अशी.